अन्यथा आमचं खातं बंद करण्यात येईल

मी मराठी लिहायला शिकलो ते पत्रकांतून. शाळेत निबंध लिहिले होते, पण ते गाईवर आणि आवडत्या ऋतूवर. गाईकडून मला काही नको होतं आणि गाईलाही माझ्याकडून काही नको होतं, मग त्या लिखाणात जोर येणार कुठून? जोर आला तो विहाराच्या अभ्यासिकेत. गल्लीतला टँकर यायचा बंद झाला होता. एका थोरल्या कार्यकर्त्यानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, तुझं अक्षर बरंय, लिही. वर मोठ्या अक्षरात ‘जाहीर निषेध’. मग ‘बंधू-भगिनींनो’. मग मागण्या. आणि शेवटी ते वाक्य, जे आमच्या शहरातल्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी असतं: अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.

हे वाक्य मी पाण्यासाठी लिहिलं, रस्त्यासाठी लिहिलं, अभ्यासिकेच्या पंख्यासाठी लिहिलं. वसतिगृहातल्या पोळ्या कच्च्या असतात म्हणूनही लिहिलं. ‘अन्यथा’नंतर नक्की काय करायचं हे आम्ही कधी ठरवलेलं नसतं, आणि प्रशासनाला ते माहीत असतं. साहेब पत्रक घेतात, पोच देतात, बसा म्हणतात. अन्यथानंतर सहसा चहा येतो. हा आमचा आणि प्रशासनाचा जुना समजुतीचा व्यवहार आहे आणि त्यावर या शहराचं बरंचसं कामकाज चालतं.

आयुष्यात एकदाच माझं ‘अन्यथा’ समोरच्यानं खरं धरलं. ते प्रशासन नव्हतं. ती कुठल्या तरी परमुलखातली सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि भोगावं लागलं माझ्या वहिनीला.

वहिनी डिझायनर आहे. ‘ती घरीच असते’ असं नातेवाईक सांगतात, त्याची मला चीड आहे. पुंडलिकनगरात आमचं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या दाराला लागून तिचं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं झाकण. माझा भाऊ वाळूजच्या कंपनीत पाळीनं जातो. तो जातो, म्हणून तो कामाला असतो. वहिनी तेवढ्याच वेळात लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती, हळदीच्या पाकिटांवरची चित्रं आणि जयंतीचे बॅनर करते, पण ती कुठं जात नाही, म्हणून ती घरीच असते. यावर मी एकदा पत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. भावानं त्याच्यावर लाइटबिल लावलं.

बॅनरचं जरा सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या बॅनरवर वर एक मोठा फोटो, मधे शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी. एकेका बॅनरवर इतकी मुंडकी असतात की वहिनी म्हणते, मी डिझायनर नाय, पासपोर्ट फोटोवाली हाय. कोण कुणाच्या डावीकडं, कुणाचं डोकं अर्धा इंच मोठं, गॉगल कुणाला चालेल आणि कुणाला नाही, यावरून मित्रमंडळं फुटलेली मी पाहिलीत. सगळ्यांची नावं असतात. छापणाऱ्या प्रेसचंही असतं. ज्या बाईनं ते सगळे चेहरे कापून, उजळून, एका रांगेत बसवले तिचं नाव कुठंच नसतं. हे मी एकदा एका मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, तर ते प्रामाणिकपणे चकित झाले. ‘वहिनीचं नाव? का, वॉर्डातून उभ्या राहतायत का?’

शिवाय या शहरात कुठलंच डिझाइन कधी पूर्ण होत नाही. पत्रिका छापखान्यात मशिनवर चढलेली असते आणि मुलीच्या बापाचा फोन येतो: दोन नंबरच्या मामाचं नाव एक नंबरच्या वर घ्या, नाहीतर ते मांडवात येत नाहीत. ते केलं की एक नंबरच्या मामाचा फोन येतो. शहराचं नाव बदललं त्या काळात तर विचारूच नका. नवरीकडच्यांना एक नाव पाहिजे, नवरदेवाकडच्यांना दुसरं. एका पत्रिकेवर वहिनीनं नुसतं ‘आपल्या शहरात’ असं लिहून ते लग्न तडीस नेलं.

म्हणून तिची पद्धत अशी पडली की फाइल कधी बंद करायची नाही. बंद करणं म्हणजे सगळी अक्षरं चित्रासारखी गोठवून पीडीएफ करून ठेवणं. तशी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसते, पण तिच्यात मामा इकडचे तिकडं करता येत नाहीत. वहिनी प्रेसला तेवढ्यापुरतं काहीतरी पाठवायची आणि आपल्याकडं ठेवायची ती उघडी फाइल, जी त्या एका भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्येच नीट उघडते. फोल्डरमध्ये नावं बघा: फायनल, फायनल नवीन, फायनल खरं, फायनल मामा बदलून, आता शेवटचं, आता शेवटचं मामा परत. मी एकदा विचारलं, पीडीएफ का नाही ठेवत? ती म्हणाली, ‘पीडीएफ ठेवायची म्हंजी भांडण मिटलं असं समजायचं. कुणाचं मिटलंय?’

मग फर्दापूरचं काम आलं. लेण्यांना जाणाऱ्या पर्यटकांसाठी तिथं जेवणाचं हॉटेल चालवणारे एक मालक मेन्यूकार्ड करून घ्यायला घरी आले होते. वहिनी त्यांना शेवभाजी कुठल्या पानावर टाकलीय ते दाखवत होती, तेवढ्यात चुकून दुसरीच फाइल उघडली. ती तिची स्वतःची होती. कुणी सांगितलेली नव्हती, कुणाचा मामा तिच्यात नव्हता. इथून अजिंठ्यापर्यंतचा सगळा रस्ता तिनं काढला होता. दिल्ली दरवाजातून निघून हर्सूल, चौका, फुलंब्री, सिल्लोडच्या बाजारातल्या मिरचीच्या गोण्या, रस्त्याचं न संपणारं काम आणि त्याची वळण दाखवणारी पाटी, घाटात बंद पडलेली एसटी, तिच्याभोवती उतरून उभे राहिलेले प्रवासी, त्यातला एकजण ड्रायव्हरला सल्ला देतोय, माकडं, आणि शेवटी डोंगराच्या वळणात लेणी. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे मिळेल तेवढ्या वेळात काढलेला रस्ता होता तो. मालक शेवभाजी विसरले. म्हणाले, हे आमच्या नव्या हॉलच्या भिंतीवर पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला वाटलं वहिनी आता दर सांगेल. ती म्हणाली, खाली कोपऱ्यात माझं नाव येईल. मालक म्हणाले, टाका की ताई, भिंत मोठीये.

ते गेल्यावर ती बराच वेळ कोपऱ्यातलं नाव लहानमोठं करून बघत बसली. आडनाव माहेरचं लावू का सासरचं, असं मला विचारलं. मी म्हटलं, दोन्ही लाव, भिंत मोठीये. तिनं कुठलंच लावलं नाही. नुसतं स्वतःचं नाव ठेवलं.

हॉलचं उद्घाटन रविवारी होतं. त्या आठवड्यात सोमवारी सकाळी तिनं कॉम्प्युटर लावला आणि सॉफ्टवेअर उघडलंच नाही. त्याऐवजी इंग्रजीत एक नम्र पाटी आली की तुमचं सबस्क्रिप्शन संपलं आहे, कृपया नूतनीकरण करा. कारण अगदी साधं होतं. पैसे भावाच्या कार्डावरून आपोआप कटायचे. बँकेनं कार्ड बदलून दिलं. कंपनीनं तशा मेल पाठवल्या. आणि माझा भाऊ म्हणजे इंग्रजी मेल आली की ती जाहिरात असं धरून चालणारा माणूस. नवं कार्ड टाकलं तर बँकेनं परदेशी वर्गणीला नकार दिला. माझं कार्ड टाकलं, त्यानं कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. बँकेत गेलो, तर अर्ज देऊन जा, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

मी पेटलो. या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे समजलं पाहिजे. पूर्वी सॉफ्टवेअर विकत मिळायचं. डबा घरी आणला की तो आपला. आता ते भाड्यानं मिळतं. ठीक आहे, भाड्यानं घेऊ. पण भाडं थकलं म्हणून घरमालक भाडेकरूला बाहेर काढतो तेव्हा भांडीकुंडी, गादी आणि भिंतीवरचं कॅलेंडर तरी नेऊ देतो. इथं चित्र वहिनीचं, वीज आमची, कॉम्प्युटर आमचा. फाइल आमच्याच कॉम्प्युटरच्या पोटात पडलीय, तिचं नाव दिसतंय, ती किती जड आहे तेही दिसतंय, आणि उघडायची परवानगी नाही. घर आपलं, कुलूप आपल्याच दाराला, आणि किल्ली परदेशात. याला मी चोरी म्हणणार नाही. चोराला निदान लाज असते, तो लपून येतो.

तर शहरातल्या सगळ्या डिझायनरांना एकत्र करायचं आणि पत्रक काढायचं, असं मी ठरवलं. मथळा सुचला: ‘आमची चित्रं आम्हाला द्या.’ मजकूर तर झरझर झाला. मी तो वहिनीपुढं ठेवला आणि सांगितलं, वर काळी पट्टी घे, मधे कुलपाचं चित्र टाक, आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर लावून दे.

तिनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘कशात लावू?’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याच्याविरुद्ध बोंबलायचं त्याच्याच भोंग्यातून बोंबलायची आम्हाला इतकी सवय लागलीय.

मग मी थेट कंपनीलाच लिहायचं ठरवलं. वहिनी भाजी आणायला गेली होती. तिच्या खात्यात मदतीची एक खिडकी होती, तिच्यात जे लिहाल त्याला लगेच उत्तर येतं. मी रीतसर मराठीत निवेदन लिहिलं, फोनवरून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि तिथं डकवलं. ‘बंधू-भगिनींनो’ काढून टाकलं, कारण तिकडं कोण बसलंय याचा अंदाज नव्हता. मागण्या रास्त होत्या. सबस्क्रिप्शन संपलं तरी आपली फाइल बघता आली पाहिजे. ती दुसऱ्या पद्धतीत जपून बाहेर काढता आली पाहिजे. इशारा मराठीतून मिळाला पाहिजे. इथवर सगळं ठीक होतं. मग हात सवयीनं पुढं गेला: अन्यथा आमचं खातं कायमचं बंद करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी कंपनी जबाबदार राहील.

तिकडं साहेब नव्हता. माणूसच नव्हता, यंत्र होतं. त्यानं मागण्या वाचल्या का नाही कुणास ठाऊक, पण शेवटचं वाक्य त्यानं अर्ज म्हणून स्वीकारलं. खातं कायमचं बंद करायचा तुमचा निर्णय पक्का आहे का, असं विचारलं. आता मोर्चात निघालेल्या माणसाला निर्णय पक्का आहे का म्हणून विचारल्यावर तो काय सांगेल? मी ‘होय’ दाबलं. पुन्हा एकदा विचारलं. मला वाटलं, घाबरलेत. मी पुन्हा ‘होय’ दाबलं.

तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं, असं उत्तर आलं. खातं बंद झालं. बसा नाही, चहा नाही.

वहिनी मेथीच्या जुड्या घेऊन आली. मी तिला सांगितलं. ती खाली बसली, पेपर पसरला आणि मेथी निवडायला लागली. एक जुडी संपल्यावर म्हणाली, ‘भाऊजी, तुमचं ते अन्यथा आजवर कुणी खरं केलं व्हतं का?’

‘नाही.’

‘मग सुरुवात माझ्यापासूनच कशाला केली?’

तिनं तयार केलेले रंगही त्या खात्यात होते. तिनं रंगांना नावं दिली होती: चौक्याचा मुरूम, सिल्लोडी मिरची, एसटीचा कळकट लाल. ते सगळे गेले. मेथीची काडी मोडत ती म्हणाली, ‘रविवारी हॉल उघडतोय. भिंत मोकळी दिसली की तो तिथं टाइल्स लावंल. टाइल्स लागल्या की माझं नाव कुठं लावतो तो?’

मंगळवार फुकटच्या सॉफ्टवेअरवर गेला. फुकटचं म्हणजे वाईट नव्हे. मी तर म्हणतो तेच खरं आपलं. पण वहिनीचे मराठी फॉन्ट जुन्या वळणाचे. त्यात पत्रिका उघडल्या आणि अक्षरांच्या जागी कंस, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं आली. शहरातले सगळे मामा पहिल्यांदाच एका पातळीवर आले. मला ते तत्त्वतः पटलं. पण रस्त्याचं चित्र उघडलं तर नुसतं पांढरं पान, आणि मधोमध इंग्रजीत एक ओळ, की ही फाइल दुसऱ्या कुणाला दिसेल अशी जपलेली नाही. जपताना, म्हणजे सेव्ह करताना, एक बारीक चौकट येते, तिच्यात बरोबरची खूण असली की फाइल बाहेरही दिसते. वहिनीनं ती खूण काढून टाकलेली होती. चित्र मोठं, कॉम्प्युटर म्हातारा, खूण ठेवली तर फाइल जपायला इतका वेळ लागायचा की गॅसवरचं दूध उतू जायचं. दूध वाचवायला तिनं खूण काढली. यात तिचा काय दोष? दूध उतू गेलं असतं तर कंपनी येऊन शेगडी पुसणार होती का?

आता रस्ता एकच उरला: ज्याचं सबस्क्रिप्शन जिवंत आहे अशा दुसऱ्या डिझायनरकडं जाऊन फाइल उघडायची. ऐकायला सोपं आहे. आमच्या शहरातल्या डिझायनरांना विचारून बघा. घराची किल्ली देतील, एटीएमचा आकडा सांगतील, पण उघडी फाइल कुणी कुणाला देत नाही. उघड्या फाइलमध्ये सगळं सुटं असतं. फूल वेगळं, पान वेगळं, मोर वेगळा. उचलला की गेला. आणि सबस्क्रिप्शन जिवंत असलेला ओळखीचा माणूस एकच होता, मागच्या गल्लीत एसी लावलेल्या दुकानात बसणारा डिझायनर. वहिनी त्याला झेरॉक्स म्हणते. तिच्या आईच्या पैठणीच्या पदरावर एक मोर होता. पैठणला माहेरी गेली तेव्हा साडी मांडीवर घेऊन तिनं तो उतरवून आणला होता. झेरॉक्सनं तो एका छापील पत्रिकेवरून गिरवून घेतला, आणि आता तो शहरातल्या निम्म्या पत्रिकांवर नाचतो. तेव्हापासून त्यांचं बोलणं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आले तर वहिनी भाजीवाल्याशी भाव करायला लागते, भाजीवाला नसला तरी.

गुरुवारपर्यंत ती नाय म्हणत राहिली. शुक्रवारी सकाळी पोळ्या झाल्यावर तिनं पेनड्राइव्ह रुमालात बांधला, रुमाल पर्समध्ये टाकला, माझा जुना लॅपटॉप माझ्या काखेत दिला आणि म्हणाली, चला, तुम्ही त्याच्या हातावर लक्ष ठेवायचं.

दुकानात शिरताच तो उठून उभा राहिला. ‘भाभी, आप? बैठो, बैठो. चाय बोलू क्या?’

वहिनी म्हणाली, चहा नको, काम आहे. मी सगळी हकीगत सांगितली. तो गंभीरपणे ऐकत होता. ‘अन्यथा’पर्यंत आलो तेव्हा त्याचा धीर सुटला. इतका हसला की व्हिजिटिंग कार्ड न्यायला आलेलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारायला लागलं, आणि त्यानं त्यालाही सांगितलं. मग डोळे पुसून पेनड्राइव्ह लावला. वहिनीनं आपली खुर्ची त्याच्या आणि स्क्रीनच्या मधे घेतली. त्याला तिच्या खांद्यावरून मान काढून माउस फिरवायला लागत होता. मी त्याच्या दुसऱ्या हातावर लक्ष ठेवून होतो.

फाइल उघडली. आधी दिल्ली दरवाजा आला, मग एकेक गाव. तो रस्त्यानं पुढं पुढं जात राहिला. सिल्लोड ओलांडलं, घाटात आला आणि एसटीपाशी थांबला.

‘ये मैं हूं,’ सल्ला देणाऱ्या प्रवाशावर बाण ठेवून तो म्हणाला. ‘कसम से. ऐसाइच उतरा था मैं, और ड्रायव्हर को ऐसाइच बोल रहा था.’

आणखी थोडा पुढं गेला. मग हळूच विचारलं, ‘इसमें मोर नहीं डाला?’

‘यात मोर नाय,’ वहिनी म्हणाली. ‘मोर तुमच्याकडं हाय.’

त्यानं उठून दारातून हाक मारून चहा सांगितला, यावेळी न विचारता. वहिनीनं तो घेतला. तिच्या मोराखाली आता तिचं नाव टाकू का, असंही त्यानं विचारलं, आणि वहिनी म्हणाली की इतके उडवलेत, आता कुठं कुठं धरत फिरणार?

पुढचं काम मात्र त्यानं इमानानं केलं, हे सांगितलंच पाहिजे. कोपऱ्यातल्या नावासकट चित्र भिंतीसाठी बंद केलं. एक प्रत फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी सुटी करून ठेवली, आणि वहिनीनं ती तिथंच आमच्या लॅपटॉपवर उघडून माकडं मोजून घेतली. मग तो म्हणाला, आता बाकीच्याही पत्रिका बंद करून टाकू. इथं खरी ओढाताण सुरू झाली. प्रत्येक फाइलला वहिनी थांबा म्हणायची. यात आत्याचं नाव राहिलंय. याच्यात काकांना ‘कै.’ लावायचं का नाही ते अजून ठरलं नाय. एका पत्रिकेला तर तिनं त्याचा माउसवरचा हात धरला: हे लई किरकिरे लोक हायत, कधीपण फोन करतील.

त्यानं वरची नावं वाचली. ‘भाभी, इनका तलाक भी हो गया.’

वहिनीनं हात काढला. ‘करा बंद.’

जेवायच्या वेळेपर्यंत बसलो. निघताना त्यानं आपला फोल्डर दाखवला. सगळं उघडं. सबस्क्रिप्शन संपायला थोडेच दिवस उरलेले. एसी चालू असून त्याला घाम आला होता.

त्याच दिवशी फाइल छापायला गेली आणि शनिवारी फर्दापूरच्या भिंतीवर चढली. दुपारी मालकांचा फोन आला. वहिनीनं फोन स्पीकरवर ठेवला, कारण ती कणीक मळत होती. मालक खूश होते. लई भारी झालंय म्हणाले, लोक आत्तापासून फोटो काढायलेत म्हणाले. मग घसा साफ केला.

‘फक्त एक बारीक काम होतं ताई. खाली आमच्या भावांचे फोटो बसवायचे. आणि माझा एक, नमस्कार करताना. तुमचं नाव हाय ना कोपऱ्यात, तेवढ्या जागेत आरामात बसतेत. तेवढा तुकडा परत छापून वरून चिकटवू.’

वहिनीचा कणकेचा हात आपोआप कॉम्प्युटरकडं निघाला. मी पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, मामा म्हटलं की हात जातो. अर्ध्या वाटेत तो थांबला.

‘दादा, फाइल बंद झाली,’ ती म्हणाली. ‘उघडत नाय.’

‘म्हंजी?’

‘सबस्क्रिप्शन संपलं. कंपनी उघडू देत नाय.’

‘आरं! आपलीच फाइल?’

‘व्हय. आपलीच.’

या कंपन्या लई माजल्यात, यांच्याविरुद्ध कुणीतरी आवाज उठवला पाहिजे, असं मालक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. फाइल तर उघडत होती. टेबलावरच्या लॅपटॉपवर ती त्या क्षणी उघडीच होती, माकडांसकट. वहिनीनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि कणीक मळायला लागली. त्या कंपनीचा आम्हाला झालेला हा एवढाच उपयोग, पण तो पुरेपूर झाला. आता कुणाच्याही मामाचा फोन आला की ती शांतपणे सबस्क्रिप्शन संपलंय म्हणून सांगते. काम ती फुकटच्या सॉफ्टवेअरवर करते, त्याला संपायला काही नाही. पण मामांना कुठं माहितीये.

माझं पत्रकही निघालं. ते मी हातानं लिहिलं, कुलूप वहिनीनं स्केचपेननं काढलं, आणि त्याच्या प्रती झेरॉक्सनं काढून दिल्या. त्यात त्याला काही वाटलं असेल तर त्यानं दाखवलं नाही. प्रेसच्या गल्लीत आम्ही ती वाटली: काम संपलं की त्याच दिवशी फाइल बंद करून ठेवा, एक प्रत कुठंही उघडेल अशी ठेवा, फॉन्ट सोबत ठेवा, आणि किल्ली परक्याच्या खिशात ठेवू नका. प्रती काढायच्या आधी वहिनीनं शेवटची ओळ तपासली होती. शेवटची ओळ नव्हतीच.

पुढच्या महिन्यात भावाला सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही एसटीनं फर्दापूरला गेलो. एसटी घाटात बंद पडली नाही, याचं वहिनीला जरा वाईट वाटलं. हॉल भरलेला होता. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता पसरला होता, आणि एक मुलगी बापाला फुलंब्री दाखवत होती. वहिनी सरळ कोपऱ्याकडं गेली. कोपऱ्यात पाण्याचा कूलर उभा होता. उंच, स्टीलचा, वर साखळीनं बांधलेले ग्लास. नाव त्याच्यामागं.

माझ्या छातीत हवा भरली. मालक गल्ल्यावर नव्हते, पण वेटर होते, गिऱ्हाइकं होती, म्हणजे जनता होती. मी घसा साफ केला. पहिली मागणी तयार होती, शेवटचं वाक्य तर कायमच तयार असतं.

‘भाऊजी,’ वहिनी म्हणाली, ‘अन्यथा नको. तिकडून धरा.’

मी एका बाजूनं धरलं, भावानं दुसऱ्या बाजूनं, वहिनीनं वायर सोडवून घेतली. कूलर जड होता. सरकवताना ग्लास वाजले आणि सगळा हॉल आमच्याकडं बघायला लागला. एक वेटर धावत आला. कूलर हलवायला कुणी सांगितलं, असं त्यानं दरडावून विचारलं.

वहिनीनं भिंतीवरच्या नावावर बोट ठेवलं.

‘हिनं,’ ती म्हणाली.